दवंडी आणि चिठ्ठी

पूर्वी गावात दवंडी पिटली जायची, हे आजच्या मुलांना सिनेमात पाहूनच ठाऊक असतं. हलगी वाजवत एक माणूस गावभर फिरायचा, चौकात थांबायचा आणि ‘ऐका हो ऐका’ करून सांगायचा की अमक्या दिवशी लिलाव आहे, तमक्या दिवशी लस टोचायला डॉक्टर येणार आहेत. दवंडीतला मजकूर सगळ्या गावाचा असे, म्हणून ती मोठ्यानं. चिठ्ठी मात्र एकाची. ती घडी घालून, हातोहात, कधीकधी तर ‘वाचून फाडून टाक’ असं बजावून दिली जायची. दवंडीत काय सांगायचं आणि चिठ्ठीत काय लिहायचं हे कुणाला शिकवावं लागत नसे. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही ते बरोबर कळायचं.

आपल्या खिशातल्या स्मार्टफोनला मात्र हा फरक कळत नाही. आपण सांगेपर्यंत तो कळून घेत नाही, असं म्हणणं जास्त बरोबर. किराणा मागवायच्या ॲपवरची सवलत, बँकेत जमा झालेली रक्कम, सोसायटीच्या ग्रुपवरचं सुप्रभात, रक्ततपासणीचा रिपोर्ट आणि मुलीनं रात्री उशिरा लिहिलेला ‘आई, जागी आहेस का?’ हा निरोप, सगळं एकाच टिंगटिंगीनं येतं आणि एकाच स्क्रीनवर झळकतं. फोन बंद असो, कुलूप लावलेला असो, टेबलावर पालथा नसला म्हणजे झालं. शेजारी बसलेल्यानं वाचलं तर वाचलं!

याबद्दल गेले काही महिने मी माझ्या वयाच्या आणि माझ्या मुलांच्या वयाच्या बऱ्याच जणांशी बोलले. बहुतेकांना यात काही प्रश्न आहे असंच वाटत नाही. ‘त्रास होतो तर सायलेंट करा’ एवढाच त्यांचा सल्ला. मला वाटतं, गफलत नेमकी इथेच आहे.

नोटिफिकेशन एका वेळी दोन कामं करतं. पहिलं काम हाक मारण्याचं. आवाज होतो, फोन थरथरतो, दिवा लागतो. दुसरं काम मजकूर सांगण्याचं. कुणाचा निरोप आहे, काय लिहिलंय, किती रुपये आले, हे फोन उघडायच्या आधीच दाराबाहेर वाचून दाखवलं जातं. सायलेंट केल्यानं फक्त पहिलं काम थांबतं. दुसरं बिनबोभाट चालूच राहतं. म्हणजे दवंडीवाल्याची हलगी काढून घेतली, पण त्याच्या हातातला फलक तसाच राहिला. आवाजाचा त्रास आपल्याला होतो म्हणून तो लक्षात येतो. मजकूर दुसऱ्याच्या डोळ्यांत जातो म्हणून तो लक्षातच येत नाही.

जुन्या टपालानं या दोन गोष्टी किती छान वेगळ्या केल्या होत्या पाहा. भारतात पोस्टकार्ड सुरू झालं १ जुलै १८७९ ला, पाव आण्यात. उघडं कार्ड, पोस्टमनपासून वाड्यातल्या पोरांपर्यंत कुणीही वाचावं. पण लोकांनी त्याचा स्वभाव ओळखला आणि त्याप्रमाणे लिहायला शिकले. क्षेमकुशल, पाऊसपाणी, बाळंतीण सुखरूप, एवढं कार्डावर. पैशाचं, भांडणाचं, सोयरिकीचं असलं की ‘बाकी भेटीअंती’. फारच महत्त्वाचं असेल तर बंद पाकीट. एवढंच नाही, तर कार्डाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं असलं की शुभकार्य आणि कोपरा फाडलेला असला की वाईट बातमी, हे एक अक्षर न वाचता कळायचं. हाक वेगळी, मजकूर वेगळा. तार तर त्याहून निराळी. प्रत्येक शब्दाला पैसे पडत, म्हणून नड असल्याशिवाय कुणी करत नसे. ‘तार आली’ म्हटलं की घरातल्यांच्या पोटात गोळा यायचा. ती सेवा आपल्याकडे जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता प्रत्येक गोष्टच तारेसारखी येते, त्यामुळे पोटात गोळाही येत नाही आणि खरी तार कोणती हेही समजत नाही. तेव्हा निरोपाचे पैसे पाठवणारा मोजायचा. आता त्याला जवळजवळ काहीच पडत नाही, आणि किंमत मोजतो तो निरोप घेणारा, आपल्या लक्षातून आणि आपल्या खासगीपणातून.

किंमत म्हणजे काय, याचं एक उदाहरण सांगते. आमच्या शेजारी एक काकू राहतात. यजमान गेले, कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, त्यावर त्यांचं नीट चालतं. पण पेन्शन जमा होते त्याच दिवशी त्यांचा पुतण्या हमखास येऊन टपकायचा. “काकू, पाचेक हजार असतील तर द्या ना, पुढच्या महिन्यात देतो.” तो पुढचा महिना कधी यायचा नाही. काकूंना वाटायचं, याची बँकेत कुणाशी ओळख असावी. खरी गोष्ट एवढीच होती की काकूंचा फोन दिवाणखान्यात टीव्हीपाशी चार्जिंगला असायचा आणि त्यावर जमा रक्कम आणि शिल्लक दोन्ही ठळक अक्षरांत झळकायचे. “आकडा त्यानं वाचलेला असतो हो बाई, मग नाही कसं म्हणायचं?” हे त्यांचं वाक्य मला फार लागलं. पैसे नाहीत असं सांगायची सोयसुद्धा त्या मेसेजनं काढून घेतली होती. मी त्यांच्या फोनवर एक पर्याय बदलून दिला. आता बँकेचा मेसेज आला एवढंच दिसतं, आकडा दिसत नाही. पुतण्या अजून येतो, चहा पिऊन जातो, पण किती मागायचे हे आता त्याला अंदाजानं ठरवावं लागतं.

हे कुणाला सांगितलं की एक प्रश्न ठरलेला. ‘पण आपल्याच घरात लपवण्यासारखं काय असतं?’ या प्रश्नाची मला चीड येते. लपवणं आणि न सांगणं यांत फरक आहे. आपण न्हाणीघराचं दार लावतो ते आत काही गुन्हा करतो म्हणून नव्हे.

माझी एक विद्यार्थिनी आता स्वतः शिक्षिका आहे. वर्गात डिजिटल फळा आहे, त्याला तिनं फोन जोडला होता आणि सातवीच्या मुलांना एक चित्रफीत दाखवत होती. मध्येच वरच्या बाजूला एका उपचार केंद्राची आठवण झळकली. मूल होण्यासाठी तिचे उपचार चालू होते, त्याच्या पुढच्या तपासणीची तारीख त्यात होती, केंद्राच्या नावासकट. चार-पाच सेकंदच, पण पन्नास मुलं वाचायला शिकलेली होती. मला भेटली तेव्हा म्हणाली, “बाई, त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पण ते कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, हे मी ठरवणार होते ना? ते फोननं का सांगितलं?”

माझ्या मते सगळा मुद्दा या एका प्रश्नात आला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. तो निकाल सरकार आणि नागरिक यांच्या संदर्भातला, मोठा. पण त्यामागचा विचार घरातल्या टेबलावरच्या फोनलाही लागू पडतो. माझ्याबद्दलची गोष्ट कुणाला कळावी यात माझा शब्द असला पाहिजे.

शाळेत हे आम्ही रोज पाहायचो. शिपाई सूचनावही घेऊन वर्गात यायचा. मुख्याध्यापकांची सूचना वाचायची, सही करायची आणि मुलांना सांगायची. ‘उद्या अर्धी सुट्टी’ ही सूचना मोठ्यानं वाचली की वर्ग आनंदानं ओरडायचा. पण कधी त्याच वहीत फी थकलेल्या मुलांची यादी असायची. काही वर्गांत ती नावंही तशीच मोठ्यानं वाचली जायची. नाव ऐकल्यावर पोराची मान जी खाली जायची ती पुढचे दोन तास वर येत नसे. काही शिक्षक मात्र मधल्या सुट्टीत त्या मुलाला बाजूला घेऊन हळूच सांगायचे. सूचना तीच, वही तीच. वाचायची कशी एवढाच फरक, आणि त्या मुलाच्या दृष्टीनं तो फार मोठा. मजेची गोष्ट म्हणजे फोनची भाषा मराठी केली की नोटिफिकेशनलाही ‘सूचना’ हाच शब्द येतो. फोनला मी त्या पहिल्या प्रकारच्या वाचणाऱ्यांत धरते. त्याच्यात दुष्टावा नाही, पण समजही नाही. ती आपण द्यायची.

हे असं का झालं तेही थोडं पाहायला हवं. ॲपलनं २००९ मध्ये आयफोनवर ‘पुश’ सूचनांची सोय आणली. त्याआधी २००८ मध्ये आलेल्या अँड्रॉइडमध्ये वरून खाली ओढायची सूचनांची पट्टी होतीच. सोय खरोखर चांगली होती. नवा निरोप आलाय का हे पुन्हापुन्हा उघडून पाहायला नको, तोच आपल्याला सांगेल. पण ज्यांचा धंदाच आपण ॲप किती वेळा उघडतो यावर चालतो, त्यांच्या हाती आपल्या घराची घंटा आली. मग ‘तुमच्या टोपलीतली वस्तू वाट पाहतेय’, ‘बरेच दिवसांत दिसला नाहीत’ असली लाडीगोडी सुरू झाली. वाट पाहायला टोपलीतली वस्तू म्हणजे काय माहेरची आई आहे?

आयफोनवर अशी घंटा वाजवायला ॲपला पहिल्यापासून परवानगी मागावी लागे. अँड्रॉइडवर २०२२ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपर्यंत ती गरज नव्हती, ॲप घेतलं की घंटा त्याच्या हातात. आता नवीन फोनवर विचारलं जातं. पण आपण काय करतो? घाईघाईत ‘अलाऊ’ दाबून मोकळे होतो. वर्गाच्या दारात ‘आत येऊ का?’ म्हणून उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला मान वर न करता ‘ये’ म्हणणाऱ्या शिक्षकाचा वर्ग कसा चालेल?

आणि घंटा वाजली तरी मी कुठे उचलते, असं म्हणून सुटका नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाग्रतेचं काम करणाऱ्या लोकांच्या फोनवर मधेच सूचना पाठवल्या. त्यांनी फोनला हातही लावला नाही, तरी त्यांच्या चुका वाढल्या. ज्यानं चाळीस मिनिटांचा तास घेतला आहे त्याला हे सांगायला प्रयोगाची गरज नाही. बाहेरून कुणी नुसतं डोकावून गेलं तरी वर्गाचा धागा तुटतो, आणि तो पुन्हा जोडायला पाच मिनिटं जातात.

मग करायचं काय? सगळंच बंद करून टाकायचं, या मताची मी नाही. फोन आता माझ्यासारख्या बाईचा आधार आहे. माझं म्हणणं इतकंच की प्रत्येक ॲपबद्दल दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. यानं मला हाक मारावी का? आणि हाक मारली तर दाराबाहेर किती बोलावं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ॲपच्या बाबतीत ‘नाही’ असंच येतं. खरेदी, खेळ, बातम्या, फोटो सुंदर करणारं ते ॲप, यांनी मला हाक मारायचं काहीच कारण नाही. मला गरज असेल तेव्हा मी त्यांच्याकडे जाईन. फोनच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स म्हणून जागा असते, तिथे सगळ्या ॲपची यादी मिळते आणि नावासमोरची खिट्टी सरकवली की ते ॲप गप्प बसतं. काही ठिकाणी मात्र अर्धवट उत्तर द्यावं लागतं. टॅक्सीच्या ॲपनं गाडी आल्याचं सांगावं, सवलतीचं सांगू नये. अँड्रॉइडच्या २०१७ सालच्या आठव्या आवृत्तीपासून एकाच ॲपच्या सूचनांचे असे प्रकार वेगळे करता येतात. ॲपच्या नावावर गेलं की आत ती यादी दिसते. सगळ्याच कंपन्या ती प्रामाणिकपणे करत नाहीत, जाहिरात आणि कामाचं एकाच गाठोड्यात बांधतात, तो भाग वेगळा. व्हॉट्सॲपचे ग्रुप तर आठ तास, एक आठवडा किंवा कायमचे मुके करता येतात. ग्रुप सोडला की नातलग रुसतात, मुका केला तर कुणाला पत्ताही लागत नाही. ही सोय ज्यानं काढली त्याला आपल्याकडची एकत्र कुटुंबं ठाऊक असावीत.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. अँड्रॉइड फोनवर लॉक स्क्रीनसाठी तीन वाटा असतात. सगळा मजकूर दाखवा, संवेदनशील मजकूर झाका, किंवा सूचनाच दाखवू नका. शब्द फोनच्या कंपनीप्रमाणे थोडे बदलतात. आयफोनवर ‘शो प्रिव्ह्यूज’ या नावाखाली नेहमी, कुलूप उघडल्यावर आणि कधीच नाही, असे तीन पर्याय मिळतात. चेहरा ओळखणाऱ्या आयफोनवर मधला पर्याय मुळातच लावलेला असतो. इतर कितीतरी फोनवर मात्र मजकूर दाखवणं हेच मुळातलं. माझ्या मते मधला पर्याय प्रत्येकानं लावावा. निरोप आला हे कळतं, कुणाकडून तेही बहुधा कळतं, पण आतलं वाचायला फोन उघडावा लागतो. हळदकुंकवाची बोटं दिसतात, पत्र घडीतच राहतं. व्हॉट्सॲपवर मे २०२३ पासून एखादा संवाद वेगळा कुलूपबंदही करता येतो, मग त्याच्या सूचनेत नाव आणि मजकूर दोन्ही येत नाहीत.

‘पण रात्री फोन गप्प ठेवला आणि कुणाला काही झालं तर?’ हा माझ्या वयाच्या लोकांचा खरा प्रश्न, आणि तो चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. ज्यांची मुलं परदेशात आहेत, ज्यांचं माणूस दवाखान्यात आहे, त्यांच्या उशाशी फोन असणारच. त्यावर उपाय आहे. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावला तरी ठरावीक माणसांचे फोन आत सोडता येतात. शिवाय एकच माणूस लागोपाठ दुसऱ्यांदा फोन करत असेल तर तो वाजू द्यायचा, अशीही सोय आहे. अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत, आयफोनवर तीन मिनिटांत. औषधाचा गजर तर वाजतोच. चार माणसांना हाक मारायची मुभा आणि बाकी जगाला सकाळपर्यंत थांबा, यात मला काही क्रूरपणा दिसत नाही. २०२३ मध्ये दूरसंचार विभागानं आणीबाणीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा देशभर टप्प्याटप्प्यानं लोकांचे फोन केवढ्यानं किंचाळले ते आठवत असेल. पूर-वादळासाठी तशी दवंडी हवीच. पण ती कानात शिरावी म्हणून तरी इतर वेळी शांतता पाहिजे.

खासगीपणाच्या बाबतीत आणखी एक जागा सहसा कुणी तपासत नाही. काही ॲप दुसऱ्या ॲपच्या सूचना वाचायची परवानगी मागतात. मनगटावरच्या घड्याळाला ती लागते, नाहीतर मेसेज घड्याळावर येणार कसा? पण तीच परवानगी एखाद्या बनावट ॲपला दिली गेली की आलेला ओटीपी त्याला आयता मिळतो. २०२४ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या पंधराव्या आवृत्तीत बहुतेक अशा ॲपपासून ओटीपी झाकायची सोय केली, पण आपल्याकडे जुने फोन वर्षानुवर्षं चालतात. सेटिंग्जमध्ये ही यादी उघडून पाहावी आणि ओळखीचं नसेल ते नाव काढून टाकावं. ओटीपी लॉक स्क्रीनवर दिसत असेल तर फोनचं कुलूपही अर्धंच. फसवणूक झालीच तर १९३० वर ताबडतोब कळवावं, हे जाता जाता सांगते, कारण पहिले काही तासच कामाचे असतात.

एवढं करून सगळं सुरक्षित झालं, असा गैरसमज मात्र नको. सूचना पाठवणारं ॲप ती सरसकट गूगल किंवा ॲपलच्या यंत्रणेतून पाठवतं. म्हणजे पोस्टमन ठरलेला. पत्र कुलूपबंद असलं तरी कोणत्या ॲपकडून, कोणत्या फोनला, किती वाजता, हे पाकिटावरचं त्याला दिसतं. अमेरिकेचे सिनेटर रॉन वायडन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या न्याय विभागाला पत्र लिहून उघड केलं की परदेशी सरकारं या दोन कंपन्यांकडून अशा नोंदी मागत आहेत. त्यानंतर ॲपलनं न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्या द्यायच्या नाहीत असं धोरण केलं. स्क्रीनवरचा मजकूर झाकून हा प्रश्न सुटत नाही. पण तो सुटत नाही म्हणून पुतण्याला आकडा दाखवत बसावं, असंही नाही.

शेवटी, सगळं ओझं फोन वापरणाऱ्यावर टाकणं मला पटत नाही. सत्तरीतल्या माणसानं चार पायऱ्या उतरून एक खिट्टी शोधायची आणि मग त्याचं खासगीपण सुरू होणार, हा उलटा न्याय झाला. मुळात झाकलेलं असावं, ज्याला दाखवायचं त्यानं उघडावं. नको असलेल्या जाहिरातींच्या फोन आणि एसएमएससाठी १९०९ ची नोंदणी तरी आहे. ॲपच्या सूचनांना ती लागू होत नाही. संसदेनं २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याचा भर संमतीवर आहे. पण कायद्याची वाट न पाहताही बँका, दवाखाने, तपासणी केंद्रं यांना एक गोष्ट सहज करता येईल. सूचनेत ‘आपल्यासाठी एक निरोप आहे, ॲप उघडून पाहावा’ एवढंच लिहावं. रोगाचं नाव, उपचाराचं नाव, शिल्लक रक्कम दारात उच्चारू नये. कॉलेज सुटलेली मुलगीसुद्धा चारचौघांत मैत्रिणीला ‘नंतर सांगते’ म्हणते. एवढं तारतम्य मोठमोठ्या संस्थांना जमू नये?

आणि घरातल्या तरुणांना एक विनंती. आईवडिलांचा, सासूसासऱ्यांचा फोन तुम्ही लावून देता ते ठीक. पण ‘द्या इकडे, मी करून देतो’ म्हणून पाच मिनिटांत परत हातात ठेवू नका. शेजारी बसा आणि विचारा, ‘आई, कुणाची हाक तुला लगेच ऐकू यायला हवी? आणि आम्हालाही दिसू नये असं काही आहे का?’ दुसरा प्रश्न विचारताना थोडं अवघडायला होईल. उत्तर ‘आहे’ असं आलं तर काय आहे ते विचारू नका. फक्त तो पर्याय लावून द्या, आणि पुन्हा बदलायचा झाला तर कुठे सापडतो ते तिच्याच बोटानं करून दाखवा. पंधरा मिनिटांचं काम आहे. म्हातारपणी माणसाच्या हातून बरेच निर्णय एकेक करून निघून जातात. आपलं पत्र आपणच उघडायचं, एवढा तरी त्याच्या हातात राहू द्यावा.